जाळ्यात कासव आलं तर काय करायचं

आपल्याकडे वेळास, आंजर्ले, गुहागरला थंडीत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, म्हणजे ऐन मासेमारीच्या सीझनला त्या माद्या किनाऱ्याजवळ फिरत असतात, आणि मनाई असलेल्या पट्ट्यात घुसून ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं मोठं जाळं, ओढणारे नेमके तिथेच असतात. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, जाळ्यात खाली दाबून राहिलं की गुदमरतं.

जाळं वर आल्यावर कासव हलत नसेल तर मेलं समजून लगेच पाण्यात टाकू नका प्लीज, बऱ्याचदा ते फक्त बेशुद्ध असतं आणि तसंच टाकलं तर मग खरंच बुडून मरतं. त्याला पोटावर ठेवा, उलटं अजिबात नाही, आणि मागची बाजू वीतभर वर येईल असं खाली काहीतरी सरकवा म्हणजे फुप्फुसातलं पाणी बाहेर येतं. सावली करा, अंगावर ओला कपडा टाका पण नाकपुड्या मोकळ्या ठेवा. मधूनमधून शेपटीला हलका चिमटा काढून बघायचं, हालचाल होते का. शुद्धीवर यायला चार तासही लागतात, कधी अख्खा दिवस, तेवढा धीर धरायला लागतो. सोडताना इंजिन न्यूट्रलला, जाळी वर, आणि हळूच पाण्यात, वरून फेकायचं नाही.

गुंतलं असेल तर सरळ जाळं कापा. हजारोंचं जाळं कोण कापणार, असं तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणणारच आणि त्याचं चूकही नाही, म्हणून तर डिसेंबर २०१८ पासून मँग्रूव्ह सेल (वनखात्याचा कांदळवन विभाग) आणि मत्स्यव्यवसाय खात्याची योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, आणि डॉल्फिन सोडवले तरी चालतं. फक्त प्राणी अडकलेला, सोडताना आणि कापलेलं जाळं, सगळ्याचे फोटो किंवा व्हिडिओ काढा नाहीतर क्लेम अडकतो, बोटीचे कागदही लागतात.

किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर ओढत समुद्रात नेऊ नका, वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. आणि रात्री मासे ओढून घ्यायला एलईडी दिवे लावून मासेमारी चालू दिसली, जिच्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तर बोटीचा नंबर, वेळ, कुठल्या गावासमोर ते लिहून घ्या, लांबून व्हिडिओ काढा आणि मत्स्यव्यवसाय ऑफिसला मच्छीमार सोसायटीमार्फत लेखी द्या. एकट्याने होडी घेऊन त्यांच्या अंगावर मात्र जाऊ नका.