खिडकी उतरवण्याआधी

प्रार्थनास्थळातल्या जुन्या रंगीत काचांची दुरुस्ती ठरली की सगळे आधी शिडी शोधतात. शिडी शेवटी. आधी कॅमेरा काढा आणि प्रत्येक तावदानाचे दोन फोटो घ्या: एक उजेड काचेतून आत येताना, दुसरा उजेड काचेवर पडलेला असताना. पहिल्यात तडे कळतात, दुसऱ्यात रंगाचे सुटलेले पापुद्रे.

मग काचेचे तुकडे एकमेकांना जोडून धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या. साधारण 75 ते 100 वर्षांत शिसे थकू लागते, पण नुसते वय झाले म्हणून ते बदलू नका. कडेने डोळा लावून फुगवटा पाहा, तळव्याने अगदी हलके दाबून काच खुळखुळते का ते ऐका. काचा घट्ट असतील तर थोडा फुगवटा राहू द्या. पुष्कळदा तावदान आडव्या लोखंडी गजाला बांधून ठेवणारी तांब्याची तार तेवढी तुटलेली असते. ती नव्याने बांधली की भागते.

सगळ्यात जपायचे ते रंगकाम. चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या या रेषा काचेची पूड आणि धातूंची भस्मे कालवून काढतात आणि भट्टीत सुमारे 600 अंश सेल्सिअसला भाजतात. भाजणी कच्ची राहिली असेल तर ओल्या बोळ्याबरोबर पापणीची रेघ उचलून येते, आणि गेली ती गेलीच. म्हणून आधी कोपऱ्यात, भिंग लावून, आयनविरहित (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात जेमतेम भिजवलेला कापूस टेकवून पाहा. कापसावर करडा डाग उमटला तर तिथेच थांबा; मळ राहिला तरी चालेल. अमोनियाचे क्लीनर, आम्ल, तारेचा ब्रश यांना हातही लावू नका.

तावदान उतरवावेच लागले तर त्यावर कागद ठेवून मेणखडूने पट्ट्यांचा छाप घ्या, त्यावर प्रत्येक काचेचा क्रमांक लिहा आणि फुटके तुकडे क्रमांकासह वेगळ्या पाकिटांत ठेवा. एकही टाकू नका, कडा जुळवून इपॉक्सीने जोडता येतात. तावदान नेताना उभेच धरा. आडवे केले की आपल्याच वजनाने वाकते.

शिशाची धूळ विषारी आहे. हातमोजे, धूळ अडवणारा मास्क आणि हेपा व्हॅक्यूम (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा) हवाच. झाडू मारायचा नाही. उपासना चालू राहणार असेल तर कामाची जागा प्लास्टिकने बंद करा, मुलांना आणि गरोदर बायकांना लांब ठेवा.

बाहेरून संरक्षक काच लावणार असाल तर खाली-वर हवेला वाट ठेवा, नाहीतर मधल्या पोकळीत दमट हवा कोंडून राहते आणि त्याच रंगावर पाणी धरते.