म्हैस व्याली पण माजावर येत नाही? आटवल्यापासूनच सेलेनियमकडे बघा

राम राम मंडळी. नवरात्र झालं, सोयाबीन निघालं, आणि आपल्या इंदूरच्या आजूबाजूला, सांवेर-देपालपूरकडे, गोठ्यागोठ्यात म्हशी व्यायल्यात नाहीतर व्यायला टेकल्यात. आणि नेमकं आत्ताच हिरवं सगळ्यात कमी. पावसाळी गवत वाळलं, बरसीम आत्ता कुठे पेरतोय, तिची पहिली कापणी यायला पन्नास-पंचावन्न दिवस, तोवर भुसा आणि खली, म्हणजे पेंड. भुशात व्हिटॅमिन ई जवळपास नसतंच आणि सेलेनियम, म्हणजे अगदी थोडं लागणारं एक खनिज, जमिनीनं दिलं तेवढंच. ही दोन्ही जोडीनं काम करतात, म्हणून आत्ताच लिहितोय.

मागच्या वर्षी भाद्रपदात आमची एक म्हैस पहाटे चारला व्याली, रेडकू छान, पण वार (रेडकामागून पडणारी झिल्ली) दुपार झाली तरी पडेना. कुणीतरी सांगितलं म्हणून मी लोंबत्या वारेला वीट बांधली. कृपा करून असं कधी करू नका. तुकडा आत राहिला, घाण वास, ताप, दूध अर्ध्यावर, आणि माजावर आली ती थेट माघात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आटल्यावर, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद केल्यावर, काय खाऊ घातलं? तर नुसता भुसा. दूध देत नाही म्हणून मिनरल मिक्श्चर बंद केलेलं, आणि पोटातलं वासरू तर व्यायच्या आधीच्या त्याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त वाढतं. वार अडकायची कारणं बरीच असतात, पण सेलेनियम आणि व्हिटॅमिन ईची कमी हे त्यातलं एक पक्कं कारण.

आता माजाचं, म्हणजे म्हैस पुन्हा गाभ धरायला तयार होण्याचं. अंडाशयात प्रत्येक अंड्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचा थर असतो, माजाचं हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन तिथेच बनतं. पेशी जोरात काम करते तेव्हा आत पेरॉक्साइडसारखा जाळणारा कचरा तयार होतो, आणि तो साफ करणारं एन्झाइम, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, सेलेनियमशिवाय चालत नाही. 2015 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी गाईच्या अंडाशयाचे एक्स-रेनं नकाशे काढले तेव्हा मोठ्या, निरोगी फॉलिकलच्या (अंड्याच्या पिशवीच्या) ह्याच पेशींमध्ये सेलेनियम जमलेलं दिसलं. त्याच्या आधी प्रयोगशाळेत गाईच्या ह्या पेशींना सेलेनियम दिल्यावर इस्ट्रोजेन वाढलेलंही दिसलं होतं. अंडं सुटलं की त्याच जागी पिवळा गोळा बनतो, तो प्रोजेस्टेरॉन देतो, गाभ त्याच्यावर टिकतो, आणि त्यालाही ही साफसफाई लागतेच.

मात्रा नीट समजून घ्या. एक किलो कोरड्या (पाणी वगळून मोजलेल्या) आहारामागे 0.3 मिलिग्रॅम सेलेनियम. बारा किलो कोरडं खाणाऱ्या म्हशीला दिवसाला साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं काही चाऱ्या-खलीतून येतंच. मिनरल मिक्श्चरचं पाकीट उलटं करून वाचा, सेलेनियम लिहिलंय का आणि किती. किलोत 20 मिलिग्रॅम असेल तर रोजच्या 50 ग्रॅममधून 1 मिलिग्रॅम मिळालं. लिहिलेलंच नसेल तर दुसरं घ्या, दहा-वीस रुपयांकडे बघू नका.

पण भाऊ, जास्त दिलं की हेच विष. गरज आणि विष यात अंतर फार थोडं आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही जमिनींत सेलेनियम इतकं आहे की जनावरांचे खूर फाटतात, शेपटीचे केस गळतात. म्हणून दोन कंपन्यांचे मिक्श्चर एकत्र देऊ नका, आणि सेलेनियम-व्हिटॅमिन ईचं इंजेक्शन मेडिकलवरून आणून स्वतः टोचू नका. व्यायच्या तीनेक आठवडे आधी ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच वजन बघून ठरवतील.

आणि माज दिसत नाही म्हणजे सेलेनियमच कमी असं धरून बसू नका. म्हशीचा माज मुका असतो, रात्री नाहीतर पहाटे येतो. चारला उठून बघा, सोट (मागून येणारा चिकट स्राव), सारखं थोडंथोडं मुतणं, दूध एकदम कमी. हाडं दिसत असतील तर आधी पोटभर खाऊ घाला, जंताचं औषध द्या. व्यायल्यावर दोन-अडीच महिने झाले तरी काहीच नाही, तर गर्भाशय तपासून घ्या, महूला व्हेटरनरी कॉलेज आहेच. तपासल्याशिवाय हार्मोनची सुई नको.

बरसीमसोबत थोडी मोहरी पेरा, पहिल्या कापणीला चारा वाढतो. आणि ज्या म्हशी आता पौष-माघात व्यायच्या आहेत त्यांची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा, साठ दिवस मागे मोजा, त्या दिवशी आटवा आणि मिक्श्चर चालूच ठेवा.