पुस्तकातलं 'समजा' आपल्या वावरात कसं तपासायचं

अर्थशास्त्रातल्या पूर्ण स्पर्धेची व्याख्या मी बी.ए.ला पाठ करून लिहिली होती. असंख्य खरेदीदार, असंख्य विक्रेते, एकजिनसी (म्हणजे सगळ्यांची सारखीच) वस्तू, बाजाराचं पूर्ण ज्ञान. मार्क चांगले मिळाले. त्याच नोव्हेंबरात बाबांसोबत कापसाच्या गाडीवर यार्डात गेले, तर हर्रासाला आमच्यासमोर तिघेच उभे होते, आणि तिघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोली लावत होते. तो दिवस डोक्यातून गेला नाही. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी कॉलेजच्या पोरापोरींसोबत बसते आणि आम्ही पुस्तकातलं एकेक गृहीतक तपासतो. तुमच्या गावात करायचं असेल तर असं करा.

एक वही घ्या. डाव्या पानावर सिद्धांत जे 'समजा' म्हणतो ते लिहा, उजव्या पानावर आपल्या घरी काय झालं ते. 'पुस्तक खोटं आहे' असं पहिल्याच दिवशी लिहू देऊ नका. मागणी-पुरवठ्याचा आलेख आधी नीट काढता आला पाहिजे. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं, तेव्हा भावावर दाब का येतो हे त्याच आलेखानं कळतं. जे चालतं ते चालतं म्हणायचं.

सगळ्यात जास्त वेळ उधारीला द्या. पुस्तकात कर्जाचा बाजार वेगळा, खताचा वेगळा, कापसाचा वेगळा. आमच्याकडे तिन्ही एकाच दुकानाच्या ओट्यावर भरतात. जूनमध्ये बियाणं-खत ज्याच्याकडून उधार आणलं, दिवाळीनंतर कापूस त्याच्याच काट्यावर जातो. अर्थशास्त्रज्ञ कृष्णा भारद्वाज यांनी १९७४मध्ये हेच मांडलं: बाजार एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून बलवान माणूस एका बाजारातलं वजन दुसऱ्या बाजारात वापरतो. म्हणून 'कापूस किती भावानं विकला?' एवढंच विचारून थांबू नका. जूनमध्ये कोणाचे पैसे लागत होते? कापूस कोणाला दिला? थांबता आलं असतं का? शेजारच्या काकांना हे विचारलं तर म्हणाले, "थांबलो असतो पोरी, पन थांबू कोन देते?"

मग हिशेब मांडा. आमच्या घरचाच सांगते. ३०,००० रुपयांच्या मालावर रोखीपेक्षा १,६०० रुपये जास्त लावलेले. १२ क्विंटल कापसाला यार्डापेक्षा क्विंटलमागे १५० कमी, म्हणजे १,८००. पाच महिन्यांचे ३,४०० झाले. वर्षाच्या दरानं सत्तावीस टक्क्यांवर जातं, आणि पावतीवर व्याजाचा शब्दही नाही. बाबा तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते.

खरेदीदार मोजके असले की भाव त्यांच्या हातात जातो, हे अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३मध्ये दाखवलं. त्यासाठी हर्रासाच्या दिवशी फक्त डोकी मोजा. 'एकजिनसी वस्तू' तपासायची तर ओलावा पाहा. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं केंद्राचं कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, १२ पर्यंत कपात करते, त्यावर घेत नाही. तो मोजायचं यंत्र कोणाच्या हातात आहे, हे उजव्या पानावर लिहा.

खर्चाचं पान घाईनं उरकू नका. २०२४-२५ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. कृषिमूल्य आयोगानं खर्च ४,७४७ धरला, त्याची दीडपट. हा खर्च म्हणजे रोख खर्च अधिक घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही. ते ज्यात धरतात तो 'सी-टू' खर्च, आणि शेतकऱ्यांची मागणी त्याच्या दीडपटीची आहे. म्हणजे 'खर्च' हा आकडासुद्धा कोणीतरी ठरवलेला असतो. पोरींना मी आणखी एक काम देते: वेचणीच्या दिवसांतला आईचा एक दिवस तासातासानं लिहा. वावरातले तास घरच्या मजुरीत मोजले जातात. पहाटेचा स्वयंपाक, पाणी, म्हाताऱ्यांचं पाहणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. स्त्रीवादी अर्थशास्त्रज्ञ मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबावर हाच आक्षेप घेतला होता. एका पोरीच्या कागदावर आईचे सतरा तास भरले. त्या रविवारी आम्ही पुढं काही वाचलं नाही.

आता टीकेलाही तोच काटा लावा, नाहीतर ही एक दुसरी पोथी होईल. बाजार वाईट तर सरकारनंच सगळं घ्यावं, असं पोरं लगेच म्हणतात. महाराष्ट्रात ते झालेलं आहे. १९७२पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा. म्हाताऱ्यांना विचारा. भावाचा आधार होता हे ते सांगतील. पैसे हप्त्यानं यायचे, आणि पलीकडच्या राज्यात भाव चढला की गाड्या रात्रीतून सीमेपार जायच्या, हेही सांगतील. दोन्ही लिहा.

हे काम नोव्हेंबर ते जानेवारीतच करा. मार्च लागला की काट्याच्या चिठ्ठ्या चुलीत गेलेल्या असतात.