टिफब्लेअर सेंटीपीड: कमी खत, कमी कापणी, थंडी सोसणारं लॉन

अमेरिकेच्या आग्नेय भागात, अटलांटा, शार्लट, रॅलीकडे घर घेतलं की हिरवळीचा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात दारात उभा राहतो. बर्म्युडा गवत उन्हाळाभर सतत कापावं लागतं, फेस्क्यू गवत उन्हात होरपळतं. तिसरं गवत सेंटीपीड, मूळचं चीनचं. ते १९१६ च्या सुमारास अमेरिकेत आलं आणि आळशी माणसाचं गवत म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याचं दुखणं थंडीचं. त्यावर जॉर्जिया विद्यापीठाच्या टिफ्टन केंद्रातून टिफब्लेअर हे वाण निघालं. उत्तर जॉर्जियातल्या डोंगराळ ब्लेअर्सव्हिलमध्ये ते थंडीत तावूनसुलाखून घेतलं, म्हणून नावात दोन्ही गावं. थंडी सोसतं म्हणजे हिवाळ्यात हिरवं राहतं असं नाही. दहिवर (गोठलेलं दव) पडलं की तेही पिवळं पडून झोपतं. फरक एवढाच की वसंतात मरून पडलेले चट्टे कमी दिसतात.

आधी माती तपासा. काउंटीच्या एक्स्टेंशन (कृषी विस्तार) कार्यालयात सोय असते. सामू (पीएच) ५ ते ६ हवा. तिथली तांबडी चिकण माती बहुधा मुळातच आम्लधर्मी असते, कोकणातल्या जांभ्या मातीच्या वळणाची. शेजाऱ्याने टाकला म्हणून चुना टाकू नका. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात.

बी पेरायचं ते मातीचं तापमान २१ अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर, म्हणजे साधारण मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. पहिल्या दहिवराआधी निदान ९० दिवस मिळालेच पाहिजेत. बी फार बारीक आणि महाग असतं. १००० चौरस फुटांना अर्धा पौंड पुरे. ते दोन गॅलन कोरड्या बारीक वाळूत कालवा, निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेका, वरून रोलर फिरवा. मातीखाली पाव इंचापेक्षा खोल गेलं तर उगवणार नाही. पेंढ्याचा विरळ थर द्या आणि तीन आठवडे दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी मारा. उगवायला १४ ते २८ दिवस लागतात. पंधराव्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून पुन्हा बी टाकण्याची घाई बऱ्याच जणांना नडते. दाट गालिचा व्हायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. धीर नसेल तर सॉड, म्हणजे मातीसकट कापलेले तयार हिरवळीचे पट्टे, अंथरा, पण वाण प्रमाणित आहे ना हे विचारून घ्या.

खतात मात्र हात आखडाच. वर्षाला १००० चौरस फुटांना एक पौंड नत्र, तेही दोन हप्त्यांत. १५-०-१५ (नत्र-स्फुरद-पालाशचे टक्के) खत असेल तर पूर्ण हिरवं झाल्यावर मे महिन्यात सव्वातीन पौंड आणि जुलैत तेवढंच. मधला आकडा शून्य हवा, कारण जास्तीचा स्फुरदही लोह अडवतो. फेब्रुवारीच्या उबेला भुलून लवकर नत्र दिलं, तर कोवळी फूट पुढच्या दहिवरात जळते. ऑगस्टनंतरही नत्र नको. गडद हिरव्या रंगाची अपेक्षाच चुकीची आहे. याचा नैसर्गिक रंग पोपटी. पिवळेपणा लोहाचा असेल तर दोन औंस फेरस सल्फेट तीन ते पाच गॅलन पाण्यात विरघळवून १००० चौरस फुटांवर फवारा. काँक्रीटवर थेंब पडला तर तांबडा डाग राहतो, लगेच धुऊन काढा.

लाडाने वाढवलेल्या सेंटीपीडचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होतं ते पाहण्यासारखं असतं. जास्त नत्राने वाळक्या काड्यांचा जाड थर साचतो आणि धावती खोडं त्यावर अधांतरी पसरतात. मुळं मातीत पोचत नाहीत, मग थंडी किंवा कोरड आली की मोठमोठे पट्टे एकदम वाळतात. मोअर दीड इंचावर ठेवा आणि गवत सव्वादोन इंचांच्या पुढे जाऊ देऊ नका. पाणी आठवड्याला एक इंच, पाऊस धरून. पानं सुरळी व्हायला लागली की द्या.

तणनाशकाच्या लेबलवर सेंटीपीड शब्द नसेल तर डबा परत ठेवा. २,४-डी हे तणनाशक पूर्ण मात्रेत या गवताला मारक ठरू शकतं, विशेषतः ते हिरवं होत असताना. खत आणि तणनाशक एकत्र असलेल्या पिशव्यांपासूनही जपून. नत्राचा आकडा आधी वाचा.