पागासाठी शिसं ओतण्याआधी भंगाराची पारख

पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या घेराला बसणारा शिशाचा मणी मऊच हवा. दोरीभोवती पक्कडीने चेपला की तडा न जाता मिटला पाहिजे. शिवाय सगळे मणी एका वजनाचे हवेत, नाहीतर फेकलेला पाग पाण्यावर गोल उघडत नाही, जड बाजू आधी बुडते आणि हलक्या बाजूखालून मासा निसटतो. शिशात अँटिमनी (शिसं कडक करणारा धातू) असेल तर मणी चेपताना फुटतो आणि त्याची धार नायलॉन कापते. जस्त मिसळलेलं असेल तर त्याच साच्यातला मणी हलका भरतो (नुसत्या जस्ताचा असेल तर तब्बल ३७ टक्के हलका) आणि खाऱ्या पाण्यात त्यावर पांढरी खपली धरते. ही मिश्रणं एकदा वितळून एक झाली की घरी वेगळी करता येत नाहीत. म्हणून प्रत्येक तुकडा कढईत जाण्याआधी तपासायचा. मध्यम पागाला साधारण तीन ते पाच किलो शिसं लागतं; भंगार सात-आठ किलो जमवा, कारण पारखताना बरंच बाजूला पडतं.

भंगारवाल्याकडे उभं असतानाच पहिली छाननी होते. जुन्या भूमिगत केबलवरचं आवरण आणि एक्स-रे खोलीच्या भिंतीतले पत्रे बहुधा मऊ आणि बऱ्यापैकी शुद्ध असतात. केबलला तेलकट कागद चिकटलेला असेल तर तो आधी सोलून काढा. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं मात्र एकेक करून बघावी लागतात. पट्टीने चिकटवायची वजनं शिशाची असली तर मऊ असतात, क्लिपची अँटिमनीमुळे कडक असतात, आणि दोन्हींत जस्ताची व लोखंडाची वजनं मिसळलेली असतात. कडेला ‘पीबी’ (शिसं), ‘झेडएन’ (जस्त), ‘एफई’ (लोखंड) अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर काम सोपं. नसतील तर लोहचुंबक फिरवून लोखंड वेगळं करा आणि उरलेल्यांची खालच्या सगळ्या चाचण्यांतून तपासणी करा. बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, दिसायला शिशाचे असले तरी मण्यांसाठी घेऊ नका. अक्षराची कड टिकावी म्हणून त्यांत मुद्दाम अँटिमनी आणि कथील घातलेलं असतं. पंक्ती जुळवणाऱ्या यंत्राच्या (लायनोटाइप) धातूत साधारण ११-१२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. गळाच्या दोरीला टांगायच्या वजनाला तो धातू उत्तम, पण चेपायच्या मण्याला निरुपयोगी.

दोन गोष्टी कितीही स्वस्त मिळाल्या तरी घरी आणायच्या नाहीत. पहिली म्हणजे बॅटरीच्या प्लेटा. त्यांत आम्ल आणि सल्फेट असतं, अँटिमनीसोबत आर्सेनिक असू शकतं, नव्या बॅटऱ्यांत कॅल्शियमही असतं. अशा धातूची मळी (वितळल्यावर वर जमणारी राखेसारखी घाण) ओली झाली तर त्यातून आर्सीन आणि स्टिबीन हे अतिशय विषारी वायू निघू शकतात. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवी. दुसरी म्हणजे शिशाचं जाड भिंतींचं, झाकणाचं, तीन पात्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेलं भांडं. ते उघडायचं नाही, उचलायचं नाही, लांब जाऊन पोलिसांना आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत लिलावातून भंगारात आलेलं असंच उपकरण फोडलं गेलं, त्यातल्या किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० मुळे अनेक जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. चिन्ह पुसलेलं असू शकतं, म्हणून औषधोपचाराच्या किंवा औद्योगिक यंत्रातून निघालेलं कोणतंही बंद शिसं टाळाच.

तपासणीसाठी सामान आधी एका पाटीत काढून ठेवा: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पाच किलोचा काटा, प्लास्टिकची बादली, नायलॉनचा दोरा, छिन्नी, हातोडी, कानस, लोहचुंबक, बेअरिंगची ८ मिमीची गोळी, व्हाइस (वस्तू आवळून दाबायचा शिकंजा), ४बी आणि एचबी पेन्सिली, संडास साफ करायच्या पातळ ॲसिडची बाटली, छोटी लोखंडी पळी आणि के-टाइप तारेचा (वितळलेल्या धातूत बुडवता येणारा) तापमापक. शिवाय धातूच्या दुकानातून पावतीसह एक किलो नवं शुद्ध शिसं विकत घ्या. सगळ्या चाचण्या तुलनेच्या आहेत. ज्याच्याशी तुलना करायची तो तुकडाच खात्रीचा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

सुरुवात नखाने आणि कानाने करा. तुकडा फरशीवर टाकला की शिसं थप्प असा मुका आवाज करतं. जस्त आणि कडक मिश्रण खणकतं. छिन्नीने कोपरा कापा (हॅक्सॉ नको, त्याचा भुसा घरभर जातो). ताजा काप निळसर चमकदार असेल आणि काही तासांत काळवंडायला लागला तर शिसं मऊ असण्याची शक्यता जास्त. चमक दिवसेंदिवस टिकली तर कथील आहे असं समजा. कथलाची कांडी वाकवताना करकर ऐकू येते, शिसं वाकवताना मुळीच आवाज होत नाही. कापलेली कड पांढऱ्या कागदावर ओढून पाहा. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात ग्रॅफाइट असतं, पण शुद्ध शिसंही कागदावर तशीच राखाडी रेघ ओढतं. कडक मिश्रणाची रेघ फिकी येते किंवा येतच नाही. मग तोच कोपरा हातोडीने पातळ ठोका. शुद्ध शिसं कागदासारखं पसरतं, अँटिमनीवाल्याची कड केळीच्या पानासारखी फाटत जाते. मण्यासाठी हीच चाचणी सगळ्यात बोलकी आहे, कारण मणी चेपताना नेमकं हेच घडतं.

जस्तासाठी ॲसिड. एक जागा कानशीने पांढरी होईपर्यंत घासा, त्यावर एक थेंब सोडा आणि मिनिटभर भिंगातून बघा. जस्त असेल तर बारीक बुडबुडे लगेच उठतात. शिशावर थेंब शांत पडून राहतो. घट्ट जेलसारखं ॲसिड वापरू नका, त्यात बुडबुडे दिसत नाहीत. हातमोजे आणि चष्मा घाला, उघड्यावर करा, आणि ब्लीचिंग पावडर जवळपासही ठेवू नका, दोन्ही एकत्र आली की क्लोरीन निघतो. तुकडा भरपूर पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय पुढे न्यायचा नाही.

घनता काढायला बादलीत पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. आधी कोरडा तोललेला तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. २००० ग्रॅमच्या शुद्ध शिशाला १७६ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे घनता ११.३४, ३ टक्के अँटिमनी असेल तर १८० येतो. फरक चारच ग्रॅमचा, म्हणून ढेप दोन किलोची घ्या. अर्ध्या किलोच्या तुकड्यात हाच फरक एका ग्रॅमपेक्षा कमी होतो आणि काट्याच्या चुकीत हरवतो. या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवा: २ टक्के जस्त असलेल्या ढेपेला १७८ येईल, आणि आत पोकळी असलेल्या शुद्ध ढेपेलाही तेवढाच येऊ शकेल. संशय आला की ढेप मधोमध कापून बघा.

कडकपणाचा आकडा हवा असेल तर खात्रीचा तुकडा आणि संशयाचा तुकडा यांच्यामध्ये बेअरिंगची गोळी धरून तिघांना व्हाइसमध्ये दाबा. दोन्हींवर जोर सारखाच पडतो, त्यामुळे खळग्यांची रुंदी मोजली की झालं. शुद्धावर ४ मिमी आणि दुसऱ्यावर ३ मिमी आला तर ४ चा वर्ग भागिले ३ चा वर्ग, म्हणजे दुसरा जवळपास पावणेदोन पट कडक. घाईत असाल तर पेन्सिलीवर भागतं: ४बी पेन्सिलीचं टोक शुद्ध शिशात रुततं, कडक मिश्रणाला एचबी किंवा त्याहून कडक लागते. एकच पथ्य आहे. नुकत्याच ओतलेल्या नमुन्याची परीक्षा घेऊ नका. अँटिमनीचं शिसं ओतल्यानंतर कित्येक दिवस कडक होत जातं, आणि पाण्यात विझवलेलं तर फारच. आज मऊ वाटलेला मणी पंधरवड्याने फुटेल.

शेवटची खात्री पळीत होते. सावलीत नव्हे तर वाऱ्याच्या उघड्या जागी, पावसाळ्यात मुळीच नाही, स्वयंपाकाच्या शेगडीवर कधीच नाही. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा भांडं म्हणून वापरू नका, तिथूनच जस्त शिरतं. २५० ग्रॅम नमुना थंड पळीत ठेवून मग विस्तव लावा; जुन्या मण्यांत दोरीचा ओला तुकडा अडकलेला असतो आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला की वाफ होऊन सगळं अंगावर उडतं. ३७० अंशांपर्यंत तापवा, त्यापुढे नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्यामुळे वेगळे राहिलेले जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि चिमट्याने उचलता येतात. तापमान वाढवलंत तर तेच विरघळतात आणि पृष्ठभाग ज्वारीच्या कण्या शिजल्यासारखा खरबरीत, साच्यात न वाहणारा होतो. आता पळी विस्तवावरून काढा, तापमापकाचं टोक मधोमध धरा आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. शुद्ध शिशाचा आकडा झपाट्याने ३२७ वर येतो आणि पूर्ण गोठेपर्यंत तिथेच खिळून राहतो. ३ टक्के अँटिमनी असेल तर ३१० च्या आसपास घसरण मंदावते, पण आकडा थांबत नाही; लापशीसारखं होत २५० पर्यंत रेंगाळतो. पंक्ती जुळवणाऱ्या यंत्राचा धातू २४०-२५० च्या दरम्यान गोठतो. हे सगळं आधी विकत घेतलेल्या शुद्ध तुकड्यावर करून बघा; तापमापक त्याला ३२३ दाखवत असेल तर बाकी सगळ्यांत चार अंश मिळवायचे.

कामाच्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई अंगणातसुद्धा नकोत. पोटात गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं आणि रक्तातली त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. धुरापेक्षा वर जमणारी कोरडी मळी जास्त घातक. सांडलेली मळी झाडू नका, सगळं थंड झाल्यावर ओल्या फडक्याने टिपून झाकणाच्या डब्यात भरा. कामात तंबाखू, मिश्री, चहा बंद. मणी दाताने चेपायची सवय असेल तर आजपासून पक्कड घ्या. कपडे वेगळे धुवा आणि दरवर्षी मणी ओतत असाल तर रक्तातल्या शिशाची तपासणीही दरवर्षी करून घ्या.

पास झालेल्या ढेपांवर छिन्नीने एक रेघ, कडक निघालेल्यांवर दोन, जस्ताच्या संशयावर फुली मारा आणि तिघांना वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. खडूची खूण चालत नाही, दमट हवेत महिन्याभरात पुसली जाते.