कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्सची ताकद कशी जोखायची: बिग ईस्टचं उदाहरण

एडिसनमधल्या मराठी घरांतली मुलं सीटन हॉल, सेंट जॉन्स या कॉलेजांत जाऊ लागली की आईबाबांनाही बास्केटबॉलची गोडी लागते. मग मार्चमध्ये मला हमखास विचारलं जातं, "आमचा संघ एवढे सामने जिंकला, तरी राष्ट्रीय स्पर्धेत का घेतला नाही?" याचं निम्मं उत्तर तो संघ ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतो तिथे सापडतं. मी मूळची नागपूरची, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळ शिकले. न्यू जर्सीत आल्यापासून बिग ईस्ट अगदी जिवाभावाने बघते आणि दर हंगामाला एक वही घालते. ती वही कशी ठेवायची, तेच इथे सांगते.

आधी रचना समजून घ्या. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी आपसांत बांधलेला गट. बिग ईस्टमध्ये सध्या ११ कॉलेजं आहेत. प्रत्येक संघ उरलेल्या दहा जणांशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. हंगामाच्या शेवटी गटाची बाद फेरीची स्पर्धा होते, १९८३ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये त्या स्पर्धेतल्या ६८ संघांपैकी ३१ असे थेट आले आणि बाकीचे ३७ निवड समितीने निवडले. सगळी चुरस असते ती या ३७ जागांसाठी.

डिसेंबर संपायच्या आत हिशोब मांडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि याच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बिग ईस्टच्या ११ संघांचे आपसांत एकूण ११० सामने होतात. म्हणजे ११० विजय आणि ११० पराभव, कोणी कितीही चांगलं खेळो. जानेवारीपासून गटातली भांडी गटातच फिरतात, बाहेरून काही येत नाही. बाहेरच्या जगात या गटाचं वजन किती, हे नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्येच ठरतं, कारण तेव्हाच हे संघ बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसईसी, एसीसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांशी भिडतात.

म्हणून वहीत प्रत्येक कॉन्फरन्सला एक पान द्या. रकाने असे आखा: तारीख, प्रतिस्पर्धी, सामना कुठे झाला, निकाल, किती गुणांच्या फरकाने, आणि शेवटचा रकाना कोरा. त्यात प्रतिस्पर्ध्याचा नेट क्रमांक पेन्सिलीने लिहायचा, कारण तो मार्चपर्यंत बदलत राहतो. नेट ही एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेची क्रमवारी आहे. २०१८-१९ च्या हंगामापासून ती जुन्या आरपीआयच्या जागी आली.

या क्रमांकावरून सामन्यांचे चार वर्ग पडतात. पहिल्या वर्गातला विजय म्हणजे घरच्या कोर्टवर पहिल्या ३० मधल्या संघाला, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधल्याला किंवा परक्या कोर्टवर पहिल्या ७५ मधल्याला हरवणं. परक्या कोर्टवरचा विजय किती मोलाचा धरतात, हे या आकड्यांवरूनच कळतं. चौथ्या, म्हणजे सगळ्यात कमकुवत प्रतिस्पर्ध्यांच्या वर्गातला पराभव मात्र लाल शाईने लिहा. समिती तो विसरत नाही.

एक पान जवळून बघू

२०२३-२४ चा सीटन हॉल घ्या. गटात १३ विजय, ७ पराभव. २० डिसेंबरला नेवार्कमध्ये त्यांनी गतविजेत्या यूकॉनला (कनेटिकट विद्यापीठ) ७५-६० असं लोळवलं. हाच यूकॉन पुढे एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात पर्ड्यूला नेमकं ७५-६० ने हरवून सलग दुसऱ्यांदा विजेता झाला. तरीही सीटन हॉलला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही.

आता त्यांचं डिसेंबरअखेरचं पान वाचा. यूएससीकडून हार, आयोवाकडून हार, बेलरकडून हार, शेजारच्या रटगर्सकडून हार. या चौघांपैकी फक्त बेलर त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. मिझुरीवरचा विजय त्या दिवशी वजनदार वाटला होता, पण नंतर मिझुरी एसईसीमध्ये १८ पैकी १८ सामने हरला आणि त्या विजयाची किंमत घसरत गेली. पेन्सिल वापरायची ती याचसाठी.

गटाच्या गुणतालिकेच्या तळाशी बघा. त्या हंगामात डीपॉल गटातले वीसच्या वीस सामने हरला. जॉर्जटाउन दोनच जिंकला, आणि तेही अर्थातच डीपॉलविरुद्ध. म्हणजे सीटन हॉलच्या १३ विजयांपैकी ४ या दोघांविरुद्धचे. ते जिंकून पदरात काहीच पडत नाही, हरलं असतं तर मात्र नाचक्की. म्हणून कॉन्फरन्सची ताकद जोखताना मी आधी शेवटचे तीन संघ बघते आणि मग पहिला. रणजीच्या प्लेट गटात पहिला येणारा आणि एलिट गटात चौथा येणारा यांची तुलना आपण नुसत्या गुणतालिकेवरून करत नाही ना, तसंच हे.

सीटन हॉलने मग एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत जागा न मिळालेल्या संघांची स्पर्धा, खेळून जिंकली. मला त्या मुलांचं मनापासून कौतुक वाटतं. पण समितीने त्यांना वगळलं त्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पान समोर आहे.

निमंत्रणं मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका

२०११ मध्ये बिग ईस्टचे ११ संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले. तेव्हा तो विक्रम होता आणि तो मोडायला २०२५ उजाडावं लागलं, एसईसीचे १४ संघ गेले तेव्हा. पण त्या अकरांपैकी शेवटच्या सोळात किती पोचले? दोन, यूकॉन आणि मार्केट (Marquette). आणि गटात ९-९ अशी कामगिरी असलेला यूकॉन केम्बा वॉकर या खेळाडूच्या जोरावर पाच दिवसांत पाच सामने जिंकून आधी गटाचा आणि मग देशाचा विजेता झाला.

उलट २०२४ मध्ये निमंत्रणं आली फक्त तीन. यूकॉन, मार्केट आणि क्रायटन. तिघेही शेवटच्या सोळात. त्याच वर्षी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचे सहा संघ गेले होते आणि त्यांच्यातला एकटा सॅन डिएगो स्टेट तिथवर टिकला. मग बलवान गट कोणता? निमंत्रणं सांगतात गटाचा मधला भाग किती भरीव आहे, आणि मार्च सांगतो शेंड्यावर कोण आहे. दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहा. मधला भाग भरीव असेल तर पैसाही जास्त येतो: राष्ट्रीय स्पर्धेतल्या अंतिम सामन्यापर्यंतच्या प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला एक हिस्सा मिळतो, सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर.

गट कुठून उसवतो ते ओळखा

बिग ईस्ट १९७९ मध्ये प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या डेव्ह गॅविट यांनी उभी केली, ती निव्वळ बास्केटबॉलसाठी. १९८५ मध्ये शेवटच्या चारांत तिचे तीन संघ होते, व्हिलनोव्हा, जॉर्जटाउन आणि सेंट जॉन्स. पुढे अमेरिकन फुटबॉल आला आणि टीव्हीचा मोठा पैसा त्यातच होता. मायामी आणि व्हर्जिनिया टेक २००४ मध्ये एसीसीत गेले, बॉस्टन कॉलेज २००५ मध्ये. २०१३ मध्ये सिराक्यूज आणि पिट्सबर्गही गेले. त्याच वर्षी उरलेल्या सात कॅथलिक कॉलेजांनी वेगळं होऊन बिग ईस्ट हे नाव आपल्याकडे ठेवलं आणि बटलर, झेवियर, क्रायटनला सोबत घेतलं. तेव्हा अनेकांनी हा गट संपल्यात जमा केला होता. व्हिलनोव्हाने २०१६ आणि २०१८ चं विजेतेपद जिंकून त्याचं उत्तर दिलं, आणि २०२० मध्ये यूकॉन स्वतःहून परत आला.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवते: टीव्ही करार कधी संपतो, कुठल्या कॉलेजला फुटबॉलची ओढ आहे, आणि बाकीच्यांना एकत्र ठेवणारं समान काय आहे. पॅक-१२ या कॉन्फरन्समधून यूएससी आणि यूसीएलए निघाल्याचं २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालं आणि २०२४ च्या ऑगस्टपर्यंत बारापैकी दोनच कॉलेजं तिथे उरली. बिग ईस्टचा नवा करार २०३०-३१ पर्यंत आहे. त्यामुळे सध्या तरी मी निर्धास्त आहे.

दर वसंतात यादी नव्याने करा

ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या व्यवस्थेमुळे, मागच्या वर्षीची ताकद पुढे धरून चालत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात कादरी रिचमंड हा खेळाडू सीटन हॉल सोडून सेंट जॉन्सला गेला. पुढच्या हंगामात रिक पिटिनो प्रशिक्षक असलेला सेंट जॉन्स गटात १८-२ आणि विजेता, तर सीटन हॉल पूर्ण हंगामात ७-२५. दोन्ही कॉलेजं हडसन नदीच्या अल्याडपल्याड. एप्रिल-मे मध्ये कोण गेलं, कोण आलं हे लिहिल्याशिवाय नवी वही सुरूच करू नका.

आणि अधूनमधून प्रत्यक्ष सामना बघा. एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी पकडायची, नेवार्क पेन स्टेशनला उतरायचं, सीटन हॉलचं घरचं कोर्ट, प्रुडेन्शियल सेंटर, तिथून पायी जाण्यासारखं. तळातल्या संघाचा घरचा सामना निवडा. ७-२५ च्या त्याच हंगामात, फेब्रुवारीत, सीटन हॉलने इथेच यूकॉनला जादा वेळेत ६९-६८ असं हरवलं. बघताना पाहुण्या संघाचा प्रशिक्षक पहिल्या दहा मिनिटांत किती वेळा टाइमआउट घेतो ते टिपून ठेवा. तळाचा संघ किती त्रास देऊ शकतो, हे तेवढ्यात समजतं.