पदवीच्या वर्षांत आंशिक अवकल समीकरणे कशी शिकावीत

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात किंवा गणिताच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यात आंशिक अवकल समीकरणे, म्हणजे एकाहून अधिक चलांवर अवलंबून असणाऱ्या राशीच्या बदलाची समीकरणे, रोजच्या बोलण्यातल्या पीडीई, समोर येतात, तेव्हा बहुतेकांना त्या तीन ठरीव कृतींसारख्या शिकवल्या जातात. उष्णतेचे, तरंगाचे आणि लाप्लासचे समीकरण घ्यायचे, प्रत्येकाला सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स (प्रत्येक चलाचे वेगळे फल धरून त्यांच्या गुणाकाराने उत्तर शोधणे) लावायचे, फूरिये श्रेणीचे, म्हणजे साइन-कोसाइनच्या बेरजेचे, सहगुणक काढायचे आणि उत्तराखाली दुहेरी रेघ मारायची. मीही तसाच शिकलो. एका सत्रपरीक्षेत घातांकातले उणे चिन्ह माझ्याकडून सुटले आणि दोन्ही टोके बर्फात खुपसलेली सळई माझ्या उत्तरपत्रिकेत काळाबरोबर अमर्याद तापत गेली. पायऱ्या बरोबर असल्यामुळे बरेचसे गुण मिळाले, आणि त्या सळईचे काय झाले याची मला कित्येक महिने दादही नव्हती. पुढे जे सांगितले आहे त्याचा सारा रोख या एकाच गोष्टीवर आहे : समीकरण सोडवायला घेण्यापूर्वी त्याचे उत्तर साधारण कसे वागणार हे शब्दांत आणि आकड्यांत सांगता आले पाहिजे, आणि ही सवय लागेपर्यंत उष्णतेचे एकच समीकरण सोडून पुढे जाऊ नये.

पूर्वतयारी फारशी लागत नाही, पण जी लागते ती पक्की लागते. एखाद्या फलाचा दुसरा अवकलज त्याच फलाच्या स्थिर पटीइतका असेल, तर ती पट धन, ऋण आणि शून्य असताना उत्तरे कशी येतात हे कोऱ्या कागदावर न अडखळता लिहिता यावे. दोन वेगवेगळ्या साइन फलांच्या गुणाकाराचे पूर्ण अंतरावरचे समाकलन शून्य का येते हे दाखवता यावे. आणि आंशिक अवकलजाचा साखळी नियम हाताखालचा असावा. यांपैकी काही डळमळीत असेल तर आधी आठवडाभर तेच करावे, कारण पीडीई अवघड जाण्याची निम्मी तक्रार खरे तर पहिल्या वर्षाच्या गणिताविषयी असते.

सुरुवात समीकरण पाठ करून नव्हे, तर ते स्वतः उभे करून करावी. एक बारीक, बाजूंनी उष्णतारोधक गुंडाळलेली सळई कल्पावी आणि तिचा एक छोटा तुकडा घ्यावा. त्या तुकड्यात डावीकडून किती उष्णता आली आणि उजवीकडून किती गेली, यांतला फरक म्हणजे तुकड्यात साठलेली उष्णता. आणि उष्णता तापमानाच्या उताराच्या प्रमाणात वाहते. हा जमाखर्च लिहून तुकडा शून्याकडे नेला की काळाचा पहिला अवकलज एका बाजूला आणि अंतराचा दुसरा अवकलज दुसऱ्या बाजूला येतो. दुसऱ्या अवकलजाकडे ‘वक्रता’ म्हणून पाहण्यापेक्षा ‘शेजाऱ्यांची सरासरी वजा मी’ असे पाहावे. शेजारी सरासरीने माझ्याहून गरम असतील तर मी तापतो, थंड असतील तर निवतो; समीकरणात याहून वेगळे काही नाही. हे एकदा डोक्यात बसले की सळईच्या आतल्या भागात नवे शिखर आपोआप उभे राहू शकत नाही, हे सिद्धतेआधीच दिसू लागते, आणि माझी तापत जाणारी सळई हास्यास्पद ठरते.

त्यानंतर एककांकडे वळावे. समीकरणातल्या एकमेव स्थिरांकाचे, औष्णिक विसरणशीलतेचे (पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते याच्या मापाचे), एकक चौरस अंतर भागिले काळ असे असते. म्हणजे हाताशी लांबी असेल तर काळ मिळवण्याचा एकच मार्ग उरतो : लांबीचा वर्ग भागिले विसरणशीलता. तांब्याची विसरणशीलता सेकंदाला सुमारे १.१ चौरस सेंटिमीटर आणि स्टेनलेस स्टीलची सुमारे ०.०४ आहे. ३० सेंटिमीटरच्या सळईसाठी हा भागाकार तांब्याला सुमारे ८२० सेकंद आणि स्टीलला सुमारे २२,५०० सेकंद येतो. नेमक्या उत्तरात त्याला आणखी पायच्या (π) वर्गाने, म्हणजे जवळजवळ दहाने, भागावे लागते, तेव्हा दोन्ही टोके बर्फात असलेली तांब्याची सळई दीडएक मिनिटाच्या मापाने निवते, तर तेवढीच स्टीलची सळई ३८ मिनिटांच्या मापाने. सूत्र न सोडवता एवढे कळले. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पळीचा दांडा तापत कसा नाही याचे निम्मे उत्तर यात आहे. उरलेले निम्मे असे की दांडा बाजूंनी हवेला उष्णता देत राहतो, आणि त्यासाठी समीकरणात तापमानाच्या प्रमाणात वजा होणारी एक संज्ञा वाढवावी लागते. ती कुठे आणि का येते हे स्वतः शोधणे हा या भागातला सर्वांत चांगला गृहपाठ आहे.

आता सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स. पंचवीस उदाहरणे उरकण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत न्यावे : सुरुवातीला सगळी सळई १०० अंशांवर, टोके शून्यावर. उत्तरात फक्त विषम क्रमांकाच्या साइन संज्ञा उरतात आणि त्यांचे सहगुणक ४०० भागिले पाय, मग त्याचा एक तृतीयांश, एक पंचमांश असे येतात. इथे पुस्तके थांबतात, आणि खरे तर इथूनच पाहायला सुरुवात करावी. आरंभक्षणी मध्यबिंदूवर पहिली संज्ञा एकटीच १२७.३ देते, जे १०० पेक्षा जास्त आहे, दुसरी ४२.४ वजा करते, तिसरी २५.५ मिळवते, आणि बेरीज हेलकावे खात शंभराकडे सरकते. टोकांजवळ तर कितीही संज्ञा घेतल्या तरी आलेखाला सुमारे ११८ पर्यंत जाणारा उंचवटा राहतो. तो फक्त टोकाकडे अधिकाधिक चिकटतो. असल्या श्रेणीवर लाग्रांजसारख्या गणितज्ञानेही आक्षेप घेतला होता. फूरियेने १८०७ साली पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे ठेवलेले काम ग्रंथरूपाने १८२२ साली छापून आले, तेव्हा इथे अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने ओशाळण्याचे कारण नाही.

पण आता काळ पुढे न्या. पहिल्या संज्ञेचा वर सांगितलेला काळ (तांब्यासाठी दीड मिनिट) लोटला की ती १२७.३ वरून ४६.८ वर येते. दुसरी संज्ञा नऊपट वेगाने विझते, त्यामुळे तिचा वाटा केवळ ०.००५ उरतो. म्हणजे अनंत श्रेणीचे सारे ओझे दीड मिनिटात एका साइन वक्रावर आले. उष्णतेचे समीकरण बारकावे पुसून टाकते असे जे म्हटले जाते ते या दोन आकड्यांत डोळ्यांनी दिसते, आणि एकदा दिसले की विसरले जात नाही.

हेच उदाहरण मग स्प्रेडशीटमध्ये करावे. प्रोग्रामिंग येत नसले तरी चालते. आडव्या घरांत सळईवरची ठिकाणे, उभ्या ओळींत काळाच्या पायऱ्या. प्रत्येक नवे घर म्हणजे वरच्या ओळीतले तेच घर, अधिक एका गुणकाने गुणलेली ‘दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज वजा माझी दुप्पट’. हा गुणक म्हणजे विसरणशीलता गुणिले काळाची पायरी भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग. वीसएक घरे घेऊन मधल्या घरात १०० आणि इतरत्र शून्य ठेवावे. गुणक ०.२५ असेल तर पुढच्या ओळीत मध्ये ५० आणि शेजारी पंचवीस-पंचवीस येतात, सगळे शहाण्यासारखे. गुणक ०.६ केला की मध्ये उणे २० आणि शेजारी साठ-साठ येतात. त्याच्या पुढच्या ओळीत मध्ये ७६ आणि शेजारी उणे २४. शून्य आणि शंभर यांच्यामधून उणे तापमान निघाले, म्हणजे शेजाऱ्यांच्या सरासरीचा नियम मोडला, आणि थोड्याच ओळींत आकडे उधळतात. गुणक अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नये हा नियम पाठ करणाऱ्याला तो परीक्षेपुरता राहतो; ही उधळण स्वतः पाहणाऱ्याला आयुष्यभर. याची किंमतही काढावी : तांब्याच्या सळईवर एक सेंटिमीटरची घरे घेतली तर काळाची पायरी ०.४५ सेकंदांपर्यंत चालते, एक मिलिमीटरची घेतली तर ०.००४५ सेकंदांच्या आत ठेवावी लागते, म्हणजे दहापट बारकाईसाठी घरे दहापट आणि ओळी शंभरपट. इथपर्यंत आल्यावर क्रँक आणि निकोल्सन यांची १९४७ सालची, काळाची पायरी मोठी घेतली तरी आकडे न उधळणारी पद्धत कशासाठी लागली हे वेगळे समजवावे लागत नाही.

लाप्लासच्या समीकरणावर मी या टप्प्यावर फार वेळ घालवणार नाही. तेच स्प्रेडशीट दोन दिशांत पसरावे, कडेची घरे ठरावीक ठेवावीत, आतल्या प्रत्येक घरात चार शेजाऱ्यांची सरासरी भरत राहावे आणि आकडे हलायचे थांबले की स्थिर तापमान मिळाले असे समजावे. आयतावरची लांबलचक श्रेणी नंतर, सवडीने.

गृहीतकांची परीक्षा घ्यायला मात्र वेळ काढावाच, आणि त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ केल्विनचे पृथ्वीच्या वयाविषयीचे १८६२ सालचे गणित उत्तम आहे. पृथ्वी आरंभी सर्वत्र पृष्ठभागापेक्षा ७,००० अंश फॅरनहाइट जास्त गरम होती, ती केवळ वहनाने निवत आली, आणि आज खाली जाताना दर ५० फुटांना एक अंश तापमान वाढते, असे त्याने धरले. पृष्ठभागाजवळचा उतार म्हणजे आरंभीचे तापमान भागिले (पाय, विसरणशीलता आणि काळ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ). विसरणशीलता वर्षाला ४०० चौरस फूट घेऊन काळ काढून पाहावा : सुमारे ९.८ कोटी वर्षे येतात. अनिश्चितता धरून केल्विनने २ कोटी ते ४० कोटी असा पल्ला सांगितला होता. आजचा स्वीकृत आकडा सुमारे ४५४ कोटी आहे. गणितात चूक नाही. त्याच्याच एका माजी सहायकाने, जॉन पेरीने, १८९५ साली दाखवून दिले की पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता अधिक सहज वाहत असेल तर हा काळ कितीतरी वाढतो. आपल्या प्रत्येक उत्तराखाली गृहीतकांची यादी लिहावी आणि त्यांतले एक खोडून उत्तर कोणत्या दिशेने सरकेल ते सांगावे, हा व्यायाम इथूनच उचलला आहे.

तरंगाचे समीकरण यानंतर घ्यावे, कारण तोवर विरोध जाणवतो. उष्णता कोपरे पुसते, तरंग ते जपून वाहून नेतो. तार मध्यावर त्रिकोणी ओढून सोडली तर आवर्तनाच्या आठव्या भागानंतर तिचा आकार कसा असेल ते द’आलांबेरच्या १७४७ सालच्या उत्तराने (उलट दिशांनी धावणाऱ्या दोन निम्म्या उंचीच्या आकारांची बेरीज) आधी कागदावर रेखाटावे : त्रिकोण गुळगुळीत होत नाही, त्याचा माथा सपाट कापला जाऊन निम्म्या उंचीवर येतो, आणि बाजूंचा उतार तसाच राहतो. फूरिये श्रेणीने तेच चित्र दोनेकशे संज्ञांनंतर मिळते, आणि कोणते हत्यार कुठे काढावे हे त्या तुलनेतून कळते.

तारेवरून गोल पडद्यावर गेले की साइन फलांच्या जागी बेसेल फले येतात, आणि इथे आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या हाताशी फार सुंदर उदाहरण आहे. सर्वत्र सारख्या जाडीच्या, कडेला आवळलेल्या पडद्याच्या कंप्रता १, १.५९, २.१४, २.३० अशा प्रमाणात येतात. त्या पूर्णांकी पटींत नसल्यामुळे साध्या ढोलाला नेमका सूर लागत नाही. तबल्याला लागतो, कारण मधल्या शाईने पडद्याचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही. सी. व्ही. रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० साली हे दाखवले की अशा वाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटींजवळ येतात. समीकरणात बदल एवढाच की घनता स्थिरांक न राहता केंद्रापासूनच्या अंतराचे फल होते, आणि मग हाताने सुटणारे उत्तर राहत नाही. त्रिज्येवर वीस-पंचवीस ठिकाणे घेऊन मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये (ज्यांतून कंप्रता मिळतात ते आकडे) काढावी लागतात. आधी घनता सर्वत्र सारखी ठेवून गोलाकार सममित कंपनासाठी २.३० हे प्रमाण येते का ते तपासावे. ते आले की शाईची त्रिज्या आणि तिचे वजन हे दोन आकडे थोडेथोडे बदलत जावे आणि १.५९ ला २ च्या जवळ आणताना २.१४ आणि २.३० कुठे जातात ते वहीत लिहीत जावे.